लक्ष्मीचा सुविचार

नौपाड्यातल्या दुकानात खडूंचा खोका उघडला आणि त्या कोरड्या वासाबरोबर मी वागळे इस्टेटमधल्या आमच्या शाळेत पोचले.

फळ्यावर रोजचा सुविचार मीच लिहायचे. एका सकाळी मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या हातातला खडू घेऊन लक्ष्मीला दिला. तेलंगणातून आलेली ही मुलगी वर्षभर गप्पच असायची.

“तुझ्या भाषेत लिही गं.”

तिने लिहिलं, हळूच वाचलं. उन्हात खडूची धूळ तरंगत होती. मागोमाग म्हणताना बाई अडखळल्या.

“नाही बाई, असं नाही!” लक्ष्मी पहिल्यांदाच हसली. बाईंनी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकल्या. मी खडूसाठी धुसफुसत होते.

बाईंच्या निरोप समारंभात कळलं, त्या सोलापुरात तेलुगू शेजारात वाढलेल्या. तेलुगू त्या मराठीइतक्याच सफाईने बोलायच्या.