हिरव्यावर पाय न देणारे नाना

रिहे गावचे नाना आमच्या सेंटरच्या दारात चपला काढत आणि तिथंच अडकत. पार्किन्सन्समध्ये पाय असे अचानक जमिनीला चिकटतात. माणूस निघतो, पाय निघत नाहीत. सोबत आलेली सून ओशाळायची. नाना मात्र शांतपणे म्हणायचे, "बैल बसलाय. उठंल आपसूक." मुलगा गेल्यापासून घरात ही दोघंच होती.

माण गावातल्या त्या उपचार सेंटरात मी फिजिओथेरपिस्ट होते, नवी आणि जरा जास्तच शहाणी. भातलावणीला पहिलं रोप घरातल्या थोरल्यानं लावायचं, ही नानांच्या घरची रीत. आदल्या वर्षी ते बांधावरून पडले आणि सुनेनं त्यांचं शेतात जाणंच बंद केलं. यंदा त्यांना स्वतःच्या पायांनी खाचरापर्यंत जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

मी त्यांच्या डोळ्यांवर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा चष्मा चढवला आणि कमरेचा पट्टा मागून धरला. खेळ सोपा होता. वाटेवर रंगीत चौकटी दिसतात, त्यातल्या हिरव्यांवर पाय टाकत पुढे जायचं. नाना नेमक्या हिरव्याच चुकवायचे. त्यासाठी लांब ढांगा टाकायचे, तोल जायचा, गुण शून्य. दोन आठवडे हेच चाललं. 'सूचना समजत नाहीत' असं मी त्यांच्या कागदावर लिहूनही टाकलं. त्या ओळीची मला आजही लाज वाटते.

शेवटी मी वैतागून विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"म्याडम, तुमी सांगताय ते कळतंय मला. पन रोपावर पाय कसा द्यायचा?"

मी चौकटींचा रंग मातकट केला. नाना चालायला लागले. ऐटीत नव्हे, पण चालले.

लावणीच्या दिवशी मी रिह्याला गेले. बांधाच्या तोंडाशी नाना थबकले. सुनेनं हात पुढे केला, तो मी धरून ठेवला. ओठांतल्या ओठांत पावलं मोजत नाना निघाले, खाचरात उतरले, वाकले. हात इतका थरथरत होता की पहिली रोपं पाण्यात सांडली. दुसऱ्यांदा लागली, पण पार वाकडी. सून ती नीट करायला गेली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माजी हायेत ती."

पुढच्या लावणीला नाना नव्हते. सुनेचा फोन आला. घरात आता थोरली तीच.

"पहिलं रोप मी लावलं, म्याडम," ती म्हणाली. "वाकडंच लावलं."