गौरींसाठीच्या गोळ्या

एकोणतिसाव्या वर्षी मला हार्ट अटॅक आला, तेव्हा मी लखनौला, हजरतगंजच्या ऑफिसात समोसा खात होते. ऑफिसने खापर समोशावर फोडलं, आईने माझ्या उशिरा उठण्यावर.

घरात कुणाला कमी वयात असं काही झालंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. आईने ठणकावून "नाही" म्हणून सांगितलं. गौरींना माहेरी आलेली माझी आत्या बत्तिसाव्या वर्षी जेवता जेवता गेली होती, हे मी मध्येच बोलले. "ती गॅसने गेली," आई म्हणाली. आमच्या घराण्यात गेलेले सगळे गॅसनेच गेलेत.

मग डॉक्टरांनी कुठल्या गोळ्या घेतेस ते विचारलं. पाळी पुढे ढकलायच्या, मी म्हटलं. गौरी आठवड्यापूर्वीच होऊन गेल्या होत्या. त्या तीन दिवसांत बख्शी का तालाबच्या आमच्या घरात कुणाची पाळी येता कामा नये, असा आईचा कायदा. मी पंधरा वर्षांची झाल्यापासून ती या गोळ्या प्रसादासारख्या हातावर ठेवायची आणि मीही मुकाट गिळायचे.

रक्त तपासलं. पटकन गुठळ्या होण्याचा दोष निघाला, वडिलांकडून आलेला. अशा रक्तात या गोळ्या म्हणजे आगीत तेल. धाकट्या बहिणीचंही तपासा, असं डॉक्टरांनी बजावलं. आईने वर्षभर टाळलं. तिला नागपूरचं स्थळ चालून आलं होतं, त्यात ही नसती ब्याद कशाला?

पुढच्या गौरींआधी आईने बहिणीपुढे तेच पाकीट ठेवलं. तुला झालं म्हणून हिला होईल असं थोडंच आहे, म्हणाली. अटॅक आला तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते. पाकीट उचललं, संडासात टाकलं आणि फ्लश ओढला. बहिणीला हाताला धरून लॅबमध्ये नेलं. आईने माझ्याशी बोलणं टाकलं.

रिपोर्ट गौरी बसल्या त्या दिवशी आला. बहिणीतही तोच दोष. आईने तो दोनदा वाचला आणि फ्रिजवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी, ऐन जेवणाच्या सकाळी, बहिणीला पाळी आली. ती स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबली.

"मम्मी, मैं अंदर आऊँ?"

आई पुरण वाटत होती. तिने वर पाहिलं नाही.

"तुझ्या आत्यालाही मीच दिल्या होत्या," ती म्हणाली. मग पोळपाट पुढे सरकवला. "ये. पोळ्या लाट."

गौरींच्या स्वयंपाकात कांदा नसतो. त्यामुळे डोळे पुसायला आम्हा तिघींकडेही काही निमित्त नव्हतं.