जिभेची पारख

संग्रहालयात फुलपाखरांचे खण सांभाळणारे काका माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. रुईवर वाढलेलं केशरी फुलपाखरू विषारी आणि कडू. त्याचं सोंग घेणारं दुसरं बेचव. काका पंखाची भुकटी बोटानं जिभेला लावत, मगच नावाची चिठ्ठी लिहीत. खणात कीड मारायची पावडरही असे, म्हणून मला धास्ती वाटे.

"काका, काहून चाखता?"

"डोळे फसते गा, जीभ नाही फसत."

एका उन्हाळ्यात ते जुन्या चिठ्ठ्या बदलू लागले. "हे बी सोंगाडं. हे बी." दुपारपर्यंत अख्खा खण सोंगाडा ठरला.

ते पाणी प्यायला गेले तेव्हा मी पावडर झटकून भीतभीत त्याच खणातला एक पंख चाखला. तोंड कडूजहर झालं.

काका दारात थांबून माझा चेहरा बघत होते.

"कडू लागलं का गा?" त्यांनी हळूच विचारलं.