ओटी रस्त्यातच पोचली

त्या वर्षी माझं आणि अंबाबाईचं बोलणं बंद होतं. म्हणजे मी बोलत नव्हते. तिचं तिलाच ठाऊक. पहिलं मूल मेलेलंच जन्मलं, दुसरं बारसं व्हायच्या आत गेलं, आणि दोन्ही खेपेला मी नऊ महिने तिच्या नावाचा उपास धरला होता. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा उपास धरला नाही, नवस बोलले नाही, देव्हाऱ्यापुढं उभीसुद्धा राहिले नाही. घरात सगळ्यांनी समजावलं. मी मुळातच तोंडाची फाटकी, मी म्हटलं, हक्काच्या माणसावरच रुसता येतं, परक्यावर कोण रुसतं? आज इतकी वर्षं झाली, तरी त्या रुसण्याचा मला पस्तावा नाही. माझ्या मते अंबाबाईलाही त्याचं वाईट वाटलं नसावं.

आमचं घर भातकुलीचं, माहेर अकोल्याचं. आठवा लागला तशी आईनं निरोप धाडला की हे बाळंतपण माझ्या डोळ्यांपुढं होऊ द्या. आईच्या शेजारची सुईण हाताची चांगली होती, आडवं आलेलं मूलही तिनं सुखरूप सोडवलेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, जा, पण आधी अमरावतीला अंबाबाईची ओटी भर आणि मग सडकेला लाग. त्यांनी स्वतः गाठोडं बांधून दिलं: हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, कुंकवाची पुडी. आमची दमणी, म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, देवळापाशी थांबली. आमचे हे खाली उतरले, हात पुढं केला, आणि मी जागची हलले नाही. "तिनं माह्यी ओटी दोनदा रिकामी केली," मी म्हटलं, "मी तिची काहून भरू?" ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, देवळाकडं पाहिलं, बाहेरूनच हात जोडले आणि कासरा हातात घेतला. भांडखोर बायकोबरोबर संसार केलेला माणूस, कुठं गप्प बसावं ते त्यांना चांगलं कळायचं. गाठोडं माझ्या पायाशी तसंच राहिलं.

त्या सालांत वऱ्हाडचा कापूस म्हणजे सोनं झाला होता. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई लागली म्हणे, आणि तिथला कापूस अडला म्हणून आमच्या बोंडांना भाव आला. लढाई कुणाची, कशासाठी, आम्हाला काय ठाऊक! आम्हाला एवढंच दिसायचं की सडकेवर गाड्यांमागे गाड्या लागल्या आहेत, बोजे आकाशाला टेकले आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकून काट्यांना फुलं आल्यासारखं दिसतं आहे. ज्याच्या घरी बैलजोडी तो कापूस वाहायला लागलेला. भाव उतरायच्या आत माल पोचला पाहिजे, एवढंच ज्याच्या-त्याच्या डोक्यात. सडकेवर कापसाला जागा होती, माणसाला नव्हती.

मूर्तिजापूर मागं पडलं, अकोला चार-पाच कोसांवर राहिलं, आणि तिथं आमचा उजवा बैल लंगडायला लागला. सडकेवर नवी गिट्टी टाकलेली होती, तिचा एक टोकदार तुकडा त्याच्या खुरात शिरला. ह्यांनी तो उपसून काढला, चिंधी बांधली, पण बैल थोडा चालला आणि खालीच बसला. आणि तेव्हाच माझ्या पोटात पहिली कळ आली. अजून दिवस भरले नव्हते. मी दोनदा बाळंत झालेली बाई, कळ कोणती आणि पोटदुखी कोणती हे मला शिकवायला नको होतं. मी ह्यांना म्हटलं, "बैलाले सोडा, मले पाहा."

ते सडकेच्या मधोमध उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला हात जोडून विचारलं, एवढी बाई अकोल्यात पोचवा. कुणी वाईट बोललं नाही, हे खरं सांगते. "कुठं बसवू भाऊ, पाय ठेवाले जागा नाही," म्हणायचे, आणि खरंच नव्हती. एकानं पाण्याची कासंडी दिली, एक म्हातारा "देव पाहून घेईल" म्हणाला आणि गेला. गाड्यांची धूळ माझ्या तोंडात जात होती. त्या धुळीत मला स्पष्ट दिसलं की हे तिसरंही जाणार, आणि या खेपेला मीही त्याच्याबरोबर जाणार. मी रडले नाही. मला राग आला. मनात म्हटलं, बघ, तू आलीस का? नाही ना आलीस? मग मी उतरले नाही तेच बरोबर केलं.

जरा पुढं, एका कडुलिंबाखाली, एक भरलेली गाडी उभी होती. तिच्यापाशी एक मुसलमान जोडपं बसलेलं, आणि एकच बैल बाजूला बांधलेला. ह्यांनी तिकडं पाहिलंच नव्हतं, कारण ज्याची स्वतःची गाडी अडली आहे त्याच्याकडं काय मागणार? पण त्या बाईनं आमच्याकडं पाहिलं होतं. ती उठून आली, दमणीत डोकावली, माझ्या कपाळावरचा घाम पाहिला. माझ्याच वयाची असेल. नाकात चमकी, हिरव्या बांगड्या, आणि केसांत, भुवयांवर, सगळीकडे कापसाचे तंतू. "बापा बापा," ती म्हणाली, "हे तं आताच बाळंत होऊन राहिली." आणि तिथूनच नवऱ्याला हाक मारली.

नवऱ्याचं नाव दादामिया, तिचं अमीना. ते अकोल्याजवळच्याच खेड्यातले, स्वतःच्या वावरातला कापूस घेऊन निघालेले. आदल्या दिवशी त्यांचा एक बैल साप लागून मेला, आणि दादामियाचा भाऊ दुसरा बैल आणायला गावाकडं गेला होता, त्याची वाट पाहत ते बसले होते. हे सगळं दादामियानं आमच्या दमणीकडं चालता चालता सांगितलं, आणि मग जुवाकडं पाहून एकदम थांबला. ह्यांना विचारलं, "तुमचा बसला तो कोनता?" हे म्हणाले, "उजवा." तेव्हा दादामियानं वळून कडुलिंबाखालच्या आपल्या बैलाकडं पाहिलं.

शेतकऱ्याच्या घरच्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. बैल लहानपणी ज्या बाजूला जुंपायला शिकवला, त्या बाजूलाच जन्मभर चालतो. डाव्याला उजवीकडं जुंपला तर तो वाकडा ओढतो, अडतो, मान काढून घेतो. नुसता बैल मिळून भागत नाही, बाजूचा बैल मिळावा लागतो. आमचा उजवा बसला होता. त्यांचा मेला तो डावा होता. कडुलिंबाखाली उभा होता तो उजवा.

मी यात कुणाला काही पटवून देत नाही. सडकेवर शेकडो बैल होते, त्यातला एखादा मोकळा असायचाच, असं कुणी म्हणेल. म्हणो बापडं. मी त्या दमणीत पडले होते, मला जे दिसलं ते मी सांगते.

पण त्यांचा राजा, त्या बैलाचं नाव राजा, अनोळखी माणसाच्या हातानं चालेना. ह्यांनी कासरा ओढला तर त्यानं पाय रोवले. त्याची माय तो पोटातून पडल्या-पडल्याच मेली होती, अमीनानं फडक्यानं दूध पाजून त्याला वाढवला होता, आणि तिच्या आवाजाशिवाय त्याला दुसरं काही कळत नव्हतं. दादामिया तिला म्हणाला, "तू जा. मी थांबतो." ह्यांना संकोच वाटला. म्हणाले, "भाऊ, तुमी एकटे, एवढा कापूस..." तो हसला. "कापूस काई पयून नाई जात. तिले न्या आधी." आमचा लंगडा बैल त्यानं स्वतःच्या गाडीला बांधून घेतला. स्वतःचा बैल आणि स्वतःची बायको त्यानं आमच्या हवाली केली, आणि आमचं नावसुद्धा त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पुढं पुष्कळ सज्जन माणसं पाहिली, पण तो निवांतपणा मला कुणात दिसला नाही.

राजा आमच्या बैलापेक्षा हातभर उंच. जू एका बाजूला वर, एका बाजूला खाली. दमणी अशी कलली की मी लाकडाला घट्ट धरून पडले. अमीना आत बसली नाही. ती राजाच्या मानेवर हात ठेवून पायी चालू लागली. "चाल मा राजा, चाल, माय वाट पाहून राहिली," असं काहीबाही बोलत होती, आणि मधूनच पळत मागं येऊन माझा हात दाबून पुन्हा पुढं जात होती. एका कळेला मी ओरडले, "मी मरते!" तर ती मागं येऊन म्हणाली, "मंग? एवढ्या लांब मी मयताले घेऊन आली का? गुमान पडून राय!" मला त्या वेदनेतही हसू फुटलं. मला माझ्यासारखी बाई भेटली होती. तेवढ्यात मला एक कळलं: सकाळपासून मी पहिल्यांदाच अंबाबाईशी भांडणं थांबवलं होतं. लढून थकलेलं माणूस जसं एकदम अंग सोडून देतं, तसं मी सोडून दिलं. मुलाचं जे व्हायचं ते होवो, माझं जे व्हायचं ते होवो, ही बाई चालते आहे, राजा चालतो आहे, मी कशाला धरून बसू?

दिवेलागणीला आईच्या अंगणात पोचलो. मूल पायाळू होतं. सुईणीनं माझ्या आईला बाहेर घालवलं, कारण आईला रडू आवरत नव्हतं, आणि अमीनाला आत बोलावलं. अमीनानं माझे दोन्ही खांदे धरले. पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते शेवटचं, की खूप वेळ काहीच आवाज नाही, सुईण पाठीवर थापट्या मारते आहे, आणि अमीना तोंडातल्या तोंडात काही पुटपुटते आहे. मग माझी पोरगी रडली. इतकी खणखणीत रडली की अंगणातून ह्यांचा आवाज आला, "झालं का? झालं का?" अमीना ओरडली, "झालं! तुमच्यापेक्षा मोठा आवाज हाय!"

तिला लगेच निघायचं होतं. नवरा एकटा रस्त्यावर होता. आईनं रात्रभर थांबवून घेतलं, सकाळी ह्यांनी तिला आणि राजाला घेऊन परत जायचं ठरलं. निघताना ती माझ्याजवळ आली, आणि मला पायाशी पडलेलं ते गाठोडं आठवलं. मी आईला म्हटलं, दमणीतलं गाठोडं आण आणि हिची ओटी भर. आई कर्मठ. म्हणाली, अगं, ती देवीसाठी बांधलेली आहे, आणि तुला सोयर आहे. मी म्हटलं, "म्हनूनच तू भर. मी नुसती पाहाते."

आईनं अंगणात पाट मांडला. अमीनाला काही कळेना. आई कुंकवाची पुडी हातात घेऊन अडखळली. पुढं कसं करावं तिला सुचेना. अमीनालाच तिची दया आली. "हळद लावा माय," ती म्हणाली, "हळद आमच्यातबी लावतात. कुंकू राहू द्या." आईनं हळद लावली, खण-नारळ तिच्या पदरात घातले, वर तांदूळ ओंजळीनं टाकले. अमीना पदर सावरून माझ्याकडं वळली. "हे तं तुह्या देवीचं हाय. मले काहून?" मी म्हटलं, "तिलेच देऊन राहिली मी." ती आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिला मूल नव्हतं, आणि आजवर कुणी तिच्या पदरात असं काही टाकलं नव्हतं, हे मला तिनं फार पुढं सांगितलं.

सव्वा महिन्यानं पोरीला घेऊन अमरावतीला गेले. देवळात पुढची बाई म्हणाली, "अगं, ओटी नाही आणली?" मी म्हटलं, "पोचली." गाभाऱ्यापुढं उभी राहिले, डोळे मिटले, तर अंबाबाईच्या जागी हीच दिसली: नाकात चमकी, केसांत कापूस. मी म्हटलं, बरं. तेव्हापासून आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

पुढची मैत्री जन्माची. सासूबाई होत्या तोवर ईदेला अमीनाकडून कोरड्या शेवया आणि खारका यायच्या, कारण शिजवलेलं आमच्याकडं चाललं नसतं, हे तिनं न सांगता ओळखलं. सासूबाई गेल्यावर तिच्या हातची खीर मी तिच्या चुलीपाशी बसून खाल्ली. दादामिया आणि आमचे हे कापसाच्या हंगामात एकमेकांच्या वावरात राबले. राजा म्हातारा होऊन गेला, त्या दिवशी आमच्या घरीही चूल पेटली नाही. माझी पोरगी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते.

अमीनाला मूल झालं नाही. एवढ्या एका गोष्टीवरून मी अंबाबाईशी अजून भांडते. एकदा मी हे अमीनाला बोलून दाखवलं. म्हटलं, तुझी ओटी मी भरली, मग तिनं तुला रिकामं का ठेवलं? पोरगी तेव्हा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, चांगली लग्नाची झालेली घोडी! अमीनानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मला वेडच लागलं असावं. "रिकामी काहून म्हनतेस वं?" ती म्हणाली. "मंग हे कोन हाय?"

मी मागायचं सोडलेलं नाही. पण कुठून दे, कुणाच्या हातानं दे, हे सांगणं त्या सडकेवर सोडलं. उद्या घट बसतात. आता आगगाडी झाली आहे. अमीना बडनेऱ्याला उतरेल, पोरगी तिला आणायला गेली आहे, कारण म्हातारीला आता दिसत नाही. हिरवा खण आणून ठेवला आहे, हळद नवी दळली आहे. आधी तिची ओटी, मग देवळात. अंबाबाई थांबेल तेवढं, तिला सवय आहे.