खारट बाही

"आणखी मारा भाई, डोक्यावर मारा!" रूपा ओरडत होती.

भाई म्हणजे आमच्या रेनकोट कंपनीचे मालक. झाडांना पाणी घालायची पाईप हातात धरून ते स्वतः तिला भिजवत होते. पेडण्यातल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधलं आमचं अंगण. कटिंगचे, शिलाईचे, पॅकिंगचे सगळे दारात गोळा झालेले. पाईप बंद झाली. रूपाने जॅकेट काढलं. आतला टीशर्ट कोरडा ठणठणीत! शिलाई लाईनच्या बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की शेजारच्या कंपनीचा वॉचमन डोकावून गेला.

"झालं? घेतली ऑर्डर?" भाईंनी पाहुण्यांना विचारलं.

पाहुणे म्हणजे सर. डिचोलीचे निवृत्त पीटी मास्तर. ते श्रावणात मोपाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पावसाळी दौड घेतात. सड्यावर झाड नाही, आडोसा नाही, वारा पावसाला आडवा फेकतो. धावणारा दमून चालायला लागला की हुडहुडी भरते. म्हणून सरांचा नियम होता, वॉटरप्रूफ जॅकेट असल्याशिवाय स्टार्टला उभं राहायचं नाही. यंदा जॅकेट तेच देणार होते. एक सँपल बाहेरच्या मोठ्या कंपनीचं आलेलं, दुसरं आमचं.

सर म्हणाले, "उभं राहून काय, खांबसुद्धा कोरडा राहील. रूपा, धावून ये."

रूपा पाळी गावची. खाणीच्या वजनकाट्यावर नोकरी, आणि सरांच्या दौडीत दरवर्षी पुढे असणारी. तिने जॅकेट परत चढवलं आणि इस्टेटच्या रस्त्याने सुटली. बाहेर बारीक झिमझिम चालू होती. बऱ्याच फेऱ्या मारून आली तेव्हा तोंड लालबुंद झालेलं. चेन खाली ओढली आणि आमच्या टाळ्या हवेतच राहिल्या. टीशर्ट पिळून काढावा असा ओला. बाही उलटी केली तर कोपरातून वाटीभर पाणी जमिनीवर पडलं.

"गळलं!" भाई ओरडले. "टेप गळली! शुभांगी कुठे आहे?"

ही टेप म्हणजे काय ते सांगते. कापड कितीही वॉटरप्रूफ असू द्या, शिवताना सुई त्याला भोकं पाडतेच. त्या शिवणीवर आतून एक पट्टी गरम करून चिकटवतात. तिला सीम टेप म्हणतात. ती नीट बसली नाही तर जॅकेट गाळणीसारखं गळतं. आमच्याकडे टेपचं मशीन शुभांगी चालवते. बांद्याहून रोज बसने येते. मी क्वालिटी बघते, म्हणजे माल पास करायचा की परत पाठवायचा हे माझं काम. शुभांगीचा माल मी कधी परत पाठवलेला नाही.

"भाई, माझी टेप सुटाची नाय," शुभांगी पुढे आली. आवाज चढलेला, डोळे भरलेले. "हातान ओढून बघा. मी काय आज शिवूक लागलंय?"

"मग पाणी काय आभाळातून आलं?"

"आभाळातूनच येता पाणी!"

कोणीतरी फिसकन हसलं. भाईंचा पारा आणखी चढला. पण हसण्याची वेळ नव्हती. आम्ही स्कूटरचे रेनकोट शिवतो. त्यांचा सीझन पाऊस सुरू व्हायच्या आधीचा. जुलै लागला की ऑर्डरी आटतात आणि लाईनच्या बायकांना दिवाळीपर्यंत घरी बसावं लागतं. म्हणजे ऐन चवथीला, गणपतीच्या सणाला, हातात काही नाही. सरांची ऑर्डर मिळाली असती तर लाईन चवथीपर्यंत चालणार होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्या शुभांगीकडे बघत होत्या. मला ते सहन होईना.

मी ती बाही हातात घेतली, आतली बाजू वर केली आणि सरळ जीभ लावली.

"शी! आगे, कितें करता तूं?" भाई किंचाळले.

"खारट आहे," मी म्हटलं.

"काय?"

"खारट! पावसाचं पाणी खारट असतं का भाई? पाईपमधलं असतं? हा घाम आहे. जॅकेट गळलेलं नाही. रूपा गळली आहे!"

रूपा खो खो हसत सुटली. भाईंना खरं वाटेना. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वेंगाडलं. शुभांगीने पदराने डोळे पुसले आणि मशीनकडे निघून गेली. जाता जाता माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवतो.

सर मात्र हसले नाहीत. "घाम असो की पाऊस, माझा धावणारा ओलाच ना? पुढच्या रविवारी सड्यावर दोन्ही सँपल धाववून बघणार. तोवर काय ते करा."

त्या दुपारी मी जॅकेट टेबलावर पसरलं आणि कपाळाला हात लावला. अहो, आम्ही स्कूटरचा रेनकोटच शिवला होता! नुसता आखूड केलेला. आमच्या गोव्यात रेनकोट म्हणजे स्कूटरचा, दुसरा कोणाच्या डोक्यातच येत नाही. कापडाचे नमुने काढणारे आमचे पॅटर्न मास्तर, त्यांचे हात त्याच वळणाने जातात. स्कूटरवर माणूस बसून असतो. घाम येत नाही, पाऊस समोरून येतो. म्हणून पुढे चेन झाकणारा डबल फ्लॅप, मनगटाला घट्ट इलॅस्टिक, गळ्यापर्यंत सगळं बंद. हेच सगळं रूपाला बाधलं. इलॅस्टिकने घाम बाहीत कोंडला. आमचा हूड तर हेल्मेटच्या मापाचा, तो धावताना तिच्या नाकापर्यंत येत होता.

भाई म्हणाले, "महागाचं कापड आणूया. ते श्वास घेणारं असतं म्हणतात."

असतं. ब्रीदेबल म्हणतात त्याला. त्याला इतकी बारीक भोकं असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. थंड, कोरड्या हवेत मस्त चालतं. पण आपल्याकडे जुलैत बाहेरच्या हवेतच एवढा ओलावा, की ती वाफ जाणार कुठे? आणि बाहेरचा थर पाणी पिऊन बसला की वाफेची वाटच बंद. भाईंना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पैसे घालून पण घामच?" मी म्हटलं, होय, महागातला घाम.

मग करायचं काय? मी मान मागे टाकली आणि नजर शेडच्या छपराकडे गेली. आमच्या छपराला मधोमध लांब फट आहे आणि तिच्यावर पत्र्याची टोपी. टेपच्या मशीनची सगळी गरम हवा तिथून निघून जाते. इतकी वर्षं मी त्या फटीखाली बसते, पावसाचा थेंब कधी अंगावर पडला नाही.

"मास्तर!" मी एवढ्या जोरात ओरडले की पॅटर्न मास्तरांच्या हातातला खडू पडला. "छप्पर शिवायचं! पाठीवर छप्पर!"

"बाई, जेवलात ना वेळेवर?" मास्तरांनी काळजीने विचारलं.

पण मी दाखवलं तेव्हा तेही पेटले. पाठीवर, खांद्यांच्या खाली, आडवी उघडी फट ठेवायची आणि तिच्यावर खांद्यावरून आलेल्या कापडाची झालर. पाऊस झालरीवरून ओघळेल, वाफ खालून निघेल. काखेत जाळी. मनगटाचं इलॅस्टिक काढून सैल पट्टी, हवी तेवढी आवळता येईल अशी. हूड डोक्याच्या मापाचा, पुढे टोपीसारखी चोच. डबल फ्लॅप गेला, कापड हलकं आणलं. झालरीची शिवण अवघड होती, तिथे टेप वळत नव्हती. शुभांगीने तीन वेळा उसवली. चौथ्या वेळी मशीन बंद करून म्हणाली, "आता कोण गळता म्हणता ता बघूया!"

रविवारी सकाळी आम्ही कंपनीच्या टेम्पोतून सड्यावर पोचलो. भाई, मी, शुभांगी. जवळच्या दुकानातून भाजीपाव घेतला होता, पण त्याला कोणी हात लावेना. कारण काय, तर लख्ख ऊन! चार दिवस धो धो कोसळणारा पाऊस नेमका त्या सकाळी गायब. विमानतळावरून एक विमान उडालं, तेसुद्धा निळ्या आभाळात.

सर आले. बरोबर रूपा आणि सर्वेश. सर्वेश नार्व्याचा, नदीकाठी शेती करतो, सकाळी दुधाच्या फेऱ्या घालतो आणि जिभेला हाड नाही. आमचं जॅकेट उलटंपालटं करून बघतो आणि म्हणतो, "मॅडम, पाठीवर हे जनेल कशाला? ह्या खिडकीतून कोण बघणार?"

सरांनीही भुवया चढवल्या. "माझा नियम वॉटरप्रूफचा आहे. ही तर उघडी फट!"

मी टेम्पोतली बाल्दी घेतली, रूपाला जॅकेट घालायला लावलं आणि मागून अख्खी बाल्दी तिच्या खांद्यावर ओतली. मग झालर वर करून सरांना तिचा टीशर्ट दाखवला. कोरडा. सर फक्त "हं" म्हणाले.

ठरलं असं. दोन फेऱ्या मारायच्या. रूपा आमचं घालणार, सर्वेश मोठ्या कंपनीचं. त्याचं जॅकेट दिसायला एकदम झकास, तीन थरांचं, बाहीवर चमकती पट्टी. दोघं सड्याच्या रस्त्याने निघाले आणि वळणाआड गेले.

आणि पाऊस आला! समुद्राच्या बाजूने अख्खा पांढरा पडदाच सरकत आला. आम्ही टेम्पोत शिरेपर्यंत चिंब. वाऱ्याने टेम्पो हलत होता. शुभांगी हात जोडून "रे देवा म्हाराजा" करत होती. मी मात्र खिडकीपाशी नाचायची बाकी होते. हाच पाऊस हवा होता मला, असाच आडवा, असाच बेफाम!

दोघं परत आले. सरांनी दोन्ही जॅकेटं उघडायला लावली, आत हात घातला. तोंड वाकडं केलं.

"दोन्ही ओली आहेत," ते म्हणाले.

भाईंनी माझ्याकडे बघितलं. शुभांगीने मान खाली घातली. मला मात्र राग आला.

"सर, तुम्ही पंचवीस पोरं घेऊन पावसात धावलात, कोणी कधी कोरडं परत आलं?" मी म्हटलं. "गोव्यात धावणाऱ्याला कोरडं ठेवणारं जॅकेट कोणीच शिवू शकत नाही. आम्ही नाही आणि ते पण नाहीत. आत हात घालून काय कळणार?"

"मग कसं ठरवायचं?"

"अजून एक फेरी आहे ना? ह्या वेळी दोघांना हवं ते घालू दे."

सरांना पटलं. त्यांनी दोन्ही जॅकेटं काढायला लावली आणि टेम्पोच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवली. पाऊस कोसळतच होता. ते म्हणाले, "घ्या आपापलं."

रूपाने हात घातला तो आमच्या जॅकेटवर. आणि त्याच क्षणी सर्वेशनेही! एका बाहीला ही, दुसऱ्या बाहीला तो.

"सोड रे, माझं आहे!"

"तू घातलंस की मघाशी! मी भाजून निघालोय त्या भट्टीत, आता मला दे!"

"मघाशी जनेलाला हसत होतास ना?" रूपा ओरडली.

"जनेलासाठीच तर पाहिजे मला!"

दोघं भर पावसात रस्सीखेच करत होते. तीन थरांचं झकास जॅकेट फळीवर एकटं पडून होतं, त्याच्याकडे कोणी बघेना. मला हसू आवरेना. आणि मग शुभांगी जी किंचाळली! "खेचू नका मेल्यांनो, फाटतला!" पण फाटलं नाही. दोन धावपटू दोन बाजूंनी ओढत होते आणि तिची एक शिवण हलली नाही. सरांनी तेही बघितलं.

"पुरे," ते म्हणाले. "भाई, ऑर्डर तुमची." मग माझ्याकडे वळून, "पण बाई, हूडची चोच थोडी लांब करा. चष्मेवाले पण धावतात." ते बरोबर होतं. आम्ही केली.

भाईंनी तिथेच, पावसात, सगळ्यांना भाजीपाव वाटला. ओला लगदा झालेला, पण तसला भाजीपाव मी पुन्हा खाल्लेला नाही. शुभांगीला त्यांनी दोन दिले. ती म्हणाली, "भाई, टेप चाटून बघतास?" भाई ठसका लागेपर्यंत हसले.

लाईन चवथीपर्यंत चालली. पाठीवरच्या फटीला आता आमच्या कंपनीत सगळे जनेलच म्हणतात, कटिंग शीटवरही तेच लिहितात.

लोक मला विचारतात, पावसात धावायला कुठलं जॅकेट घेऊ? मी सांगते, शिवणीवर टेप आहे का बघा, हूड डोक्याच्या मापाचा घ्या, आणि वाफ जायला वाट आहे का ते बघा. दुकानात नळाखाली धरून काही कळत नाही. घालून एकदा दमेपर्यंत धावा. काढल्यावर ते पुन्हा अंगात घालावंसं वाटलं, तर घ्या. आणि आतली बाही ओली लागली तर आधी चाखून बघा. खारट असेल, तर शिवणारीला शिव्या देऊ नका.