शालनबाईंचा दिवेआगरचा नाश्ता

शालनबाईंनी बावीस वर्षं दुसऱ्यांना नाश्ता वाढला. महाळुंग्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या कँटीनमध्ये त्या कामाला होत्या. पहिल्या शिफ्टची माणसं सहाच्या ठोक्याला आत यायची. त्यांच्यासाठी कधी पोहे, कधी उपमा, गुरुवारी मिसळ. "मावशी, शेव टाका की अजून," "मावशी, तर्री वरची द्या," हे ऐकत ऐकत हात चालायचा. स्वतःच्या पोटात काही जायचं ते थेट साडेदहाला, भांडी घासायच्या मोरीजवळ, उभ्याउभ्या. पातेल्यात उरलं तर पोहे, नाही तर चहा-पाव.

त्या मूळच्या बीडकडच्या, केजजवळच्या. नवरा वेल्डर म्हणून भोसरीत आला, मागोमाग त्या आल्या. तो लवकर गेला. एकुलता एक गणराज, त्याला त्यांनी डिप्लोमा होईपर्यंत शिकवलं. आता तो चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. सून निशिगंधा भोसरीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिघं दिघीत राहतात.

शालनबाईंना साखर निघाली तशी गणराजनं त्यांना नोकरी सोडायला लावली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सांगितलं, गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. तेव्हापासून साडेसातला गोळी आणि आठला खाणं, हा नेम. पण खाणं करायचं त्यांनीच. गणराज आणि निशिगंधा त्याआधीच डबे घेऊन बाहेर पडलेले असायचे.

यंदा फेब्रुवारीत दोघांना जोडून सुट्टी मिळाली आणि दिवेआगरला जायचं ठरलं. शालनबाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. निशिगंधानं कौतुकानं विचारलं, "आई, तुम्हाला तिथे काय काय करायचंय?"

शालनबाई म्हणाल्या, "मला काय करायचंय गं? सकाळी आठला कुणीतरी बसल्या जागी गरम खायला दिलं तरी लई झालं."

निशिगंधा हसली. तिला ती गंमत वाटली.

ताम्हिणी घाट उतरून शुक्रवारी दुपारी ते पोचले. राहायची सोय एका घरगुती ठिकाणी होती. नारळ-सुपारीच्या वाडीत चार खोल्या, मालकीण जाईबाई. संध्याकाळी जाईबाई विचारायला आली, "उद्या सकाळी नाश्ता हवा का? घावने करते. आत्ता सांगितलंत तर तांदूळ भिजत घालीन."

शालनबाई तोंड उघडणार इतक्यात निशिगंधा म्हणाली, "नको नको, आम्ही बाहेरच खाणार आहोत. मी सगळी लिस्ट काढून आणलीय."

शालनबाई गप्प बसल्या. सुनेनं हौसेनं काहीतरी ठरवलंय, त्यात आपण कशाला मोडता घाला, असं त्यांना वाटलं. हीच चूक झाली, असं त्या नंतर स्वतःशीच म्हणत राहिल्या.

शनिवारी त्या सवयीनं पाचला उठल्या. आंघोळ केली, ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसल्या आणि पडवीत खुर्चीवर बसल्या. "आठला निघू," असं गणराज रात्री म्हणाला होता, म्हणून साडेसातला त्यांनी गोळी घेतली. आठ वाजले. खोलीचं दार बंद. सव्वाआठला शेजारच्या खोलीतलं नाशिकचं कुटुंब पडवीतल्या टेबलाशी येऊन बसलं आणि जाईबाई एकेक घावन तव्यावरून थेट त्यांच्या ताटात आणू लागली. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी. शालनबाईंनी मान वाडीकडे वळवली, पण वास काही वळवता येईना.

"काकू, तुम्हाला घालू का दोन? पीठ आहे," जाईबाईनं विचारलं.

"न्हाई बाई. आमचं बाहेर ठरलंय."

एकटीनं खाल्लं आणि मुलं उठून आली तर काय म्हणतील, हा एक विचार. दुसरा विचार असा, की ज्यांनी नको म्हणून सांगितलं त्यांच्या माघारी आपण खायचं कसं? त्यांनी पोटावर हात दाबून धरला. मग दोनदा दार वाजवलं. आतून गणराजचा आवाज आला, "आई, पाच मिनिटं."

ते सव्वानऊला बाहेर आले.

यादीतलं पहिलं ठिकाण बंद होतं. फाटकावर कुलूप आणि आत कुत्रं. दुसऱ्या ठिकाणी पुण्याच्या चार गाड्या आधीच लागलेल्या, तिथला पोरगा म्हणाला, पाऊण तास लागेल. "एवढं कोण थांबणार," म्हणून गणराजनं गाडी समुद्राच्या कडेनं श्रीवर्धनच्या रस्त्याला घातली. वाटेत एका टपरीवर कांदेपोह्यांची परात दिसली, वाफ निघत होती.

"गणराज, हितंच घे की बाबा."

"आई, इथे नको," निशिगंधा पुढच्या सीटवरून म्हणाली, "कालचं तेल असेल. पुढे एक छान कॅफे आहे, समुद्रासमोर. फोटो बघा ना. त्यांचा ब्रंच फार चांगला आहे म्हणे."

"त्यो काय असतोय?"

"सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण एकत्र. अकराच्या सुमाराला खायचं."

"ते मी बावीस वर्षं केलंय," शालनबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी इतक्या लांब यायची गरज न्हवती."

गणराजनं गाण्याचा आवाज थोडा वाढवला. शालनबाईंना त्याचाच जास्त राग आला.

कॅफेच्या दाराशी पाटी होती, अकरा वाजता उघडेल. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. निशिगंधा फोनवर चौथं ठिकाण शोधू लागली. "हे जवळच आहे, पण लोकांनी तीनच स्टार दिलेत," ती गणराजला सांगत होती. मागच्या सीटवर शालनबाईंना कपाळावर घाम फुटला. बोटं थरथरायला लागली. समोरचा समुद्र, ज्याच्यासाठी आलो, तो नुसता पांढरा, डोळ्यांत खुपणारा दिसत होता.

त्यांनी दार उघडलं आणि त्या रस्त्यात उतरल्या.

"आई! कुठे चाललीस?"

"खायला! कोणी चांगलं म्हणलं, कोणी वाईट म्हणलं, मला काय करायचंय? ज्याच्या चुलीवर काय असंल ते खाणार मी. सकाळधरनं गोळी घेऊन बसलीय. तुमाला म्हाईत न्हाई का?"

गणराजचा चेहरा उतरला. गोळी तो साफ विसरला होता. धावत जाऊन त्यानं समोरच्या दुकानातून बिस्किटांचा पुडा आणि आंब्याच्या रसाची बाटली आणली. समुद्राच्या कठड्यावर बसून शालनबाईंनी ती बिस्किटं खाल्ली, मऊ पडलेली, खोबरेल तेलाच्या वासाची. हळूहळू थरथर थांबली. राग मात्र थांबला नाही.

निशिगंधा बाजूला येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "आई, मी रोज झोपायच्या आधी बसून ती लिस्ट केली होती. तुम्ही आयुष्यभर कँटीनमध्ये खाल्लंत, म्हणून म्हटलं एकदा तरी चांगल्या ठिकाणी बसवावं."

"माझ्यासाठी केलंस, मग मला इचारायचंस की."

"विचारलं होतं ना घरी."

"आन मी काय सांगितलं होतं?"

निशिगंधाला ते आठवलं.

अकराला कॅफे उघडला, ते आत बसले. पावाच्या जाड भाजलेल्या तुकड्यावर अंडं आणि हिरवं काहीतरी आलं. शालनबाईंच्या दोन दाढा गेलेल्या, त्यांना तो पाव चावेना. कडा सोडून मधलं तेवढं त्यांनी खाल्लं. निशिगंधानं ते पाहिलं.

संध्याकाळी शालनबाई स्वतः चुलीपाशी गेल्या. "जाईबाई, उद्या आठला घावने. आमच्या तिघांची. मी सांगतीय, दुसरं कुणी नको म्हणलं तरी ऐकू नको."

रविवारी साडेसहाला गणराजचा फोन वाजला. कंपनीत लाइन बंद पडली होती, बारापर्यंत पोच म्हणून साहेबांचा निरोप. त्यानं भराभर बॅगा गाडीत टाकल्या. "चला, चला, वाटेत खाऊ काहीतरी."

शालनबाई पडवीतल्या टेबलाशी जाऊन बसल्या. "आठला निघू."

"आई, अगं माझी नोकरी आहे ही!"

"मी न्हाई म्हणलं का? आठपतुर मी हलत न्हाई. तुला जायचं तर जा, मी एस्टीनं येते."

त्यानं किल्ली टेबलावर आपटली. आईचा हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. आत जाईबाईनं ओळखलं आणि तवा लवकर चढवला. पावणेआठलाच पहिलं घावन आलं, जाळीदार, कडेला कुरकुरीत. शालनबाईंनी सावकाश खायला सुरुवात केली. गणराज अंगणात फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. जरा वेळानं निशिगंधा आली, सासूशेजारची खुर्ची ओढून बसली आणि तिनंही ताट पुढं केलं. "बस की रे," ती नवऱ्याला म्हणाली. तो बसला नाही. दोन घास उभ्याउभ्या तोंडात कोंबले आणि गाडीत जाऊन हॉर्न वाजवला.

शालनबाईंनी तीन घावने खाल्ली, वर चहा घेतला आणि मग उठल्या.

चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. गणराजला पोचायला दीड वाजला, साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं. त्यानंतर तीन दिवस तो आईशी धड बोलला नाही. शालनबाईंना वाईट वाटत होतं. पोराच्या नोकरीचा प्रश्न असताना आपण खाण्यासाठी अडून बसलो, हे बरं केलं का, असं त्या दुपारी एकट्या असताना मनात घोळवायच्या. पण चुकले असं काही त्यांना म्हणवत नव्हतं.

बुधवारी पहिली शिफ्ट संपवून तो घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, "आई, भूक लागलीय."

शालनबाई टीव्ही बघत होत्या. "डब्यात चिवडा हाय," त्या म्हणाल्या आणि बसून राहिल्या.