शून्य आलेली पट्टी

पोटात किती दारू गेली ते सांगणाऱ्या पट्ट्यांवर मी नागपुरात संशोधन करते. पूर्वी त्यासाठी रक्त लागायचं, आता सगळ्यांचा ओढा घाम आणि थुंकीकडे आहे. पट्टीवर यीस्टमधून काढलेलं एन्झाइम असतं. दारू लागली की मीटरवर आकडा येतो. फक्त त्या एन्झाइमला गारवा लागतो.

मे महिन्यात दोन पट्ट्या थर्मासात बर्फावर ठेवून बसनं बालाघाटला आले, तिथून भरवेलीला घरी. बाबा तिथल्या खाणीत कामाला. संध्याकाळी त्यांची सायकल भिंतीला घासल्याचा आवाज आला, तशी आईनं दारातली पाण्याची गुंडी उचलून आत नेली.

मी सांगितल्यावर बाबांनी जीभ बाहेर काढली. मी पट्टी लावली.

"किती आलं, माय?"

"शून्य."

"मंग पास झालो ना मी?"

त्यांच्या तोंडाचा दारूचा वास मलाही आला होता. पण मी मीटरवर विश्वास ठेवला आणि न्हाणीत जाऊन रडले, आनंदानं.

पट्टी आधी स्पिरिटमध्ये तपासून घ्या, असं मी विद्यार्थ्यांवर ओरडते. त्या दिवशी मलाच तपासायचं नव्हतं. तासाभरानं दुसरी पट्टी स्पिरिटमध्ये बुडवली. तिथंही शून्य. बर्फ बसमध्येच वितळला होता, एन्झाइम मेलं होतं.

आईला सांगायला गेले. ती भाकरी थापत होती.

"पिऊन आले का गुंडीलेच अडखळतेत," ती म्हणाली. "सायकल भिंतीले घासली का मले समजते. तू झाली नव्हती, तवापासून उचलून राह्यली मी ते."